गिअर चुकल्यानंतरची इंजिन-तपासणी : पुण्यातील एका छोट्या गॅरेजच्या कामाचे परीक्षण

बंद पडलेली गाडी सुरू करून देणारी गॅरेजेस पुण्यात गल्लोगल्ली आहेत. परंतु गाडी व्यवस्थित चालते आहे, डॅशबोर्डवर दिवा नाही, वेगळा आवाज नाही, आणि तरीही इंजिनाला आतून इजा झाली असावी अशी रास्त शंका मालकाला आहे, अशा वेळी ती शंका पुराव्यानिशी खरी किंवा खोटी ठरवून देणारे ठिकाण सहजासहजी सापडत नाही. सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूच्या एका छोट्या गॅरेजने माझ्यासाठी हे काम ज्या शिस्तीने केले, त्याबद्दल हे परीक्षण आहे. गॅरेजच्या मालकांनी नाव न देण्याची विनंती केली आहे. त्यांच्याकडे एका वेळी दोनच गाड्या उभ्या राहतात आणि हातातली कामेच त्यांना पुरून उरतात. ती विनंती मी पाळतो आहे. मात्र त्यांनी काय केले, कोणत्या क्रमाने केले आणि प्रत्येक चाचणीतून काय कळले हे सविस्तर लिहितो, म्हणजे ज्यांच्यावर अशी वेळ आली असेल त्यांना आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडून हेच काम नेमकेपणाने मागता येईल.

प्रसंग थोडक्यात असा. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना गाडी माझा भाचा चालवत होता. खंबाटकीच्या चढाला लागण्याआधी पुढच्या मालट्रकला ओलांडण्यासाठी त्याने पाचव्यातून चौथा गिअर टाकायला घेतला आणि दुसरा पडला. वेग त्या वेळी ताशी शंभर किलोमीटरच्या थोडा पुढे होता. क्लच सुटताच गाडीचे नाक खाली दबले, पुढचे टायर क्षणभर किंचाळले, इंजिनाचा आवाज एकदम चढला आणि आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा धोक्याच्या लाल पट्ट्याच्या पलीकडे गेला. त्याने लगेच क्लच पुन्हा दाबला. सगळा मामला सेकंदभराचा. त्यानंतर गाडी साताऱ्याला जाऊन विनातक्रार परत आली. तरीही घरी आल्यापासून आम्हा दोघांचे कान इंजिनाकडेच लागलेले असायचे, आणि सकाळी थंड इंजिनाची नेहमीची टकटकही नवी वाटू लागली होती.

ही काळजी अनाठायी नव्हती. ‘रेव्ह लिमिटर आहे ना, मग कसली भीती?’ असे मला अनेकांनी ऐकवले, आणि बहुतेकांचा गैरसमज नेमका येथेच होतो. रेव्ह लिमिटर म्हणजे इंजिनाच्या संगणकाने ठरावीक फेऱ्यांवर इंधन किंवा ठिणगी तोडणे. ॲक्सिलरेटर दाबून इंजिन स्वतःच्या बळावर फिरत असेल, तर इंधन तोडताच फेऱ्या खाली येतात. परंतु चुकून खालचा गिअर पडतो तेव्हा इंजिनाला फिरवणारी शक्ती इंधनाची नसते. धावत्या गाडीचे वजन चाकांमार्फत, गिअरबॉक्समार्फत आणि क्लचमार्फत क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या आसाला, जबरदस्तीने फिरवते. अशा वेळी संगणकाने इंधन तोडले तरी त्याचा काही उपयोग होत नाही, कारण त्याच्या हातात तेवढेच आहे आणि चाके मात्र फिरतच आहेत.

इंजिनाच्या आत तेव्हा दोन ठिकाणी धोका असतो. पहिला व्हॉल्व्हचा, म्हणजे सिलेंडरमध्ये हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांचा. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांना व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टची एक फेरी होते, म्हणजे साडेसात हजार आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला बासष्ट वेळा उघडून बंद व्हावा लागतो. उघडण्याचे काम कॅम करतो, बंद करण्याचे काम मात्र स्प्रिंगचे असते, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे स्प्रिंग कॅमच्या मागे पुरी पडत नाही. व्हॉल्व्ह अधांतरी राहतो. बहुतेक आधुनिक पेट्रोल इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेचा आळीपाळीने वापर करतात, त्यामुळे वेळेत न मिटलेल्या व्हॉल्व्हला वर येणारा पिस्टन गाठतो आणि व्हॉल्व्ह वाकतो. दुसरा धोका खालच्या बाजूचा, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड, त्याचे बोल्ट आणि बेअरिंग यांचा. पिस्टन वर-खाली होताना त्याला थांबवून उलटा खेचण्यासाठी लागणारे बळ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. साडेसहा हजारांऐवजी साडेसात हजार फेऱ्या झाल्या तर फेऱ्या पंधरा टक्क्यांनीच वाढतात, पण हे बळ सुमारे एक तृतीयांशाने वाढते. आमच्या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली होण्याची लांबी, ७१.५ मिलिमीटर आहे; साडेसात हजार आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला जवळजवळ १८ मीटर होतो, आणि वरच्या टोकाला त्याचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या अडीच हजार पटींहून अधिक असते. एवढा भार रॉडच्या दोन बोल्टांवर येतो, हे वाचल्यावर माझी झोप उडाली होती.

या गॅरेजकडे जाण्यापूर्वी मी दोन ठिकाणी विचारले होते. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या संगणकातील बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावून ‘एकही कोड नाही, गाडी ओके आहे’ असे सांगून पाच मिनिटांत गाडी परत दिली. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये इंजिन सुरूही न करता ‘हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवल्याशिवाय काही सांगता येणार नाही’ असे सांगितले आणि पंचवीस ते तीस हजारांचा अंदाज दिला. ही दोन्ही उत्तरे मला आजही चुकीची वाटतात. पहिल्याने न मोजताच दिलासा दिला आणि दुसऱ्याने न मोजताच भीती घातली.

या गॅरेजमध्ये मालकांनी बॉनेट उघडण्याआधी भाच्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवले. ‘बाळा, त्या दिवशी हात कसा फिरवलास, तसाच फिरवून दाखव,’ एवढेच म्हणाले. भाच्याने गिअरचा दांडा मुठीत घट्ट धरला, पाचव्यातून मागे ओढला आणि त्याच झटक्यात डावीकडे रेटत खाली आणला. दांडा दुसऱ्याच्या खोबणीत जाऊन बसला. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत पाचवा गिअर चालकाच्या सर्वांत जवळच्या ओळीत असतो, तिसरा-चौथा मधल्या ओळीत आणि पहिला-दुसरा सर्वांत लांबच्या ओळीत. दांडा न्यूट्रलमध्ये मोकळा सोडला की आतली स्प्रिंग त्याला आपोआप मधल्या ओळीत आणून उभा करते. तेथून सरळ मागे ओढला की चौथाच पडतो. मूठ आवळून ढकलणारा हात त्या स्प्रिंगवर मात करतो. मालकांनी भाच्याला मूठ सोडून फक्त तळव्याने दांडा मागे घ्यायला लावले, आणि त्याच्या हाताला ते बसेपर्यंत पुन्हा पुन्हा करायला लावले. तपासणीच्या बिलात या शिकवणीचा उल्लेखही नव्हता, पण पुढचा अपघात टाळणारी गोष्ट तीच आहे.

त्यांनी विचारलेला दुसरा प्रश्न असा होता : ‘दुसऱ्यात जाताना दांडा अडला होता का?’ अडला होता, आणि भाच्याने तो जोर लावून आत घातला होता. प्रत्येक गिअरजवळच्या सिंक्रोनायझर रिंगला गिअर पडण्याआधी क्लच प्लेट आणि इनपुट शाफ्ट त्या गिअरच्या वेगावर आणावे लागतात. वेग जुळण्यासारखा नसेल तर रिंग दांड्याला अडवते. तो अडथळा म्हणजे यंत्राने दिलेली सूचना असते. त्यातून आणखी एक गोष्ट निघते, जी मला माहीत नव्हती. क्लचचा पेडल दाबलेला असतानाही खालचा गिअर पडला की क्लच प्लेट एकटी त्या वाढलेल्या वेगाने फिरू लागते. म्हणजे पेडल सोडलाच नाही तर इंजिन वाचते, पण प्लेटच्या अस्तरावर ताण येतोच. त्यामुळे त्यांनी क्लचही तपासणीच्या यादीत घातला. चढावर गाडी थांबवून उचलताना थरथर होते का आणि वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्लच घसरतो का, हे त्यांनी स्वतः चालवून पाहिले. दोन्ही बाबतींत दोष आढळला नाही.

यानंतरचे काम मला सर्वांत मोलाचे वाटले. इंजिन किती फिरले असेल याचा अंदाज काट्याच्या आठवणीवर न सोडता त्यांनी तो हिशेबाने काढला. स्कॅनर जोडून गाडी महामार्गावर नेली, पाचव्या गिअरमध्ये त्या दिवशीइतकाच वेग धरला आणि आरपीएमचा प्रत्यक्ष आकडा घेतला. तो २,९५०च्या आसपास स्थिर होता. आमच्या गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर पाचव्याच्या सुमारे अडीच पट आहे. म्हणजे क्लच पूर्ण जुळला असता तर इंजिन जास्तीत जास्त ७,४०० आरपीएमपर्यंत गेले असते. टायर घसरले आणि क्लच लगेच दाबला गेला, या दोन्ही गोष्टी हा आकडा खाली आणणाऱ्या आहेत, वर नेणाऱ्या नाहीत. मालकांनी कागदावर हे मांडून दाखवले आणि शेजारीच पहिल्या गिअरचा हिशेबही केला : तो पडला असता तर हेच इंजिन चौदा हजारांच्या घरात फिरवले गेले असते, आणि मग तपासणीचा प्रश्नच उरला नसता. लाल पट्ट्याच्या काहीशे किंवा हजारभर फेऱ्यांनी पलीकडे जाणे आणि दुपटीने पलीकडे जाणे यांत किती अंतर आहे, हे त्या एका कागदामुळे मला समजले. ज्यांना घरबसल्या स्वतःच्या धोक्याचा अंदाज घ्यायचा आहे, त्यांनी हा हिशेब आधी करावा. त्यासाठी वरच्या गिअरमधला नेहमीचा आरपीएम आणि गाडीच्या तांत्रिक माहितीतील गुणोत्तरे एवढे पुरते.

स्कॅनरचे काम त्यांनी एवढ्यावर संपवले नाही, पण त्याला अवास्तव महत्त्वही दिले नाही. पी०३०० हा मिसफायरचा, म्हणजे सिलेंडरमध्ये इंधन नीट न पेटल्याचा, सर्वसाधारण कोड, पी०३०१ ते पी०३०४ हे एकेका सिलेंडरचे कोड आणि पी००१६ हा क्रँक व कॅम यांची वेळ न जुळल्याचा कोड, हे सर्व त्यांनी तपासले. साठवलेले आणि प्रलंबित असे दोन्ही प्रकारचे कोड रिकामे होते. मात्र त्यांनी स्पष्ट सांगितले की सर्वसाधारण गाडीच्या संगणकात ‘या इंजिनाने कधी मर्यादा ओलांडली’ अशी नोंद सामान्य स्कॅनरला मिळत नाही, त्यामुळे कोड नसणे म्हणजे इजा नसणे नव्हे. काही महागड्या गाड्यांत अशी नोंद असते. पोर्शेच्या ९११ मालिकेत इंजिनाचा संगणक मर्यादेबाहेरच्या फेऱ्यांची टप्प्याटप्प्यांनी नोंद ठेवतो. प्रत्येक टप्प्यात किती ठिणग्या पडण्याइतका वेळ इंजिन राहिले आणि शेवटची नोंद कितव्या चालू-तासाला झाली, हे त्यातून वाचता येते, आणि जुनी गाडी विकत घेताना जाणकार ग्राहक तो अहवाल आवर्जून मागतात. आपल्याकडच्या दहा-बारा लाखांच्या हॅचबॅकमध्ये ती सोय हाताशी नसल्यामुळे इंजिनालाच विचारावे लागते.

इंजिनाला विचारण्याची रीत म्हणजे कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजेच प्रत्येक सिलेंडरमध्ये हवेचा किती दाब तयार होतो ते मोजणे. इंजिन गरम करून चारही स्पार्क प्लग काढले, इंधनाचा आणि कॉइलचा पुरवठा तोडला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला मला बसवले आणि एकेका सिलेंडरवर गेज लावून स्टार्टरने इंजिन फिरवले. बॅटरी कमजोर असेल तर शेवटच्या सिलेंडरचा आकडा उगाच कमी येतो, म्हणून त्यांनी चार्जर जोडून ठेवला होता. आकडे १८६, १८४, १८७ आणि १८५ पीएसआय असे आले. येथे एकूण आकड्यापेक्षा चारही सिलेंडरमधील एकसारखेपणा महत्त्वाचा असतो. व्हॉल्व्ह वाकलेला असेल तर तो आपल्या बैठकीवर नीट टेकत नाही, हवा निसटते आणि त्या एका सिलेंडरचा आकडा इतरांपेक्षा ठळकपणे खाली येतो. दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त तफावत आली तर पुढचा शोध अटळ असतो. आमच्याकडे ती दोन टक्क्यांच्या आत होती.

माझे समाधान येथेच झाले असते, पण मालकांचे झाले नाही. किंचित वाकलेला व्हॉल्व्ह कधीकधी कॉम्प्रेशनच्या आकड्यात लपून जातो, म्हणून त्यांनी लीक-डाऊन टेस्ट केली. यात पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद असताना उभा ठेवतात, प्लगच्या भोकातून ठरावीक दाबाची हवा भरतात आणि त्यातील किती टक्के निसटते ते मोजतात. खरी गंमत आकड्यात नसून कानात असते. हवा सायलेन्सरच्या नळीतून फुसफुसली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑईल भरण्याच्या तोंडातून आली तर पिस्टन रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेडखालचे सील, म्हणजे हेड गॅस्केट. तीन सिलेंडर सहा-सात टक्क्यांवर होते. क्रमांक तीनचा मात्र नऊवर गेला. मी घाबरलो. मालकांनी मला सायलेन्सरजवळ कान लावायला सांगितले, मग एअर फिल्टरचा पाइप काढून तेथे, आणि शेवटी ऑईलचे झाकण काढून. पहिल्या दोन ठिकाणी शांतता होती, तिसऱ्या ठिकाणी मंद फुसफुस. म्हणजे जास्तीची हवा रिंगांच्या बाजूने जात होती, आणि ती झीज एवढ्या चाललेल्या इंजिनाला साजेशी होती. तिचा त्या सेकंदाशी संबंध नव्हता. व्हॉल्व्हची बाजू कोरडी, बंद आणि स्वच्छ होती. आठवडाभर जी भीती मनात होती, तिचे उत्तर मला स्वतःच्या कानांनी मिळाले.

डोळ्यांनी पाहण्याचे काम बोअरस्कोपने केले. प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडला की पिस्टनचा माथा मोबाइलच्या पडद्यावर दिसतो. पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हला जागा मिळावी म्हणून उथळ खळगे असतात. व्हॉल्व्ह पिस्टनला लागला असता तर त्या खळग्याच्या कडेला ताजी, चमकदार चंद्रकोरीसारखी खूण उमटली असती, कारण तेवढ्या जागेवरची काजळी खरवडली जाऊन खालचे ॲल्युमिनियम उघडे पडते. आमच्या चारही पिस्टनवर काजळीचा थर सलग, मळकट तपकिरी आणि अखंड होता. दुसऱ्या सिलेंडरमध्ये एक पांढुरका ठिपका दिसला, तेव्हा त्यांनी कॅमेऱ्याचा कोन बदलून, उजेड कमी करून तो पुन्हा पाहिला. तो कार्बनच्या पोपड्याचा होता. त्यांनी घाई केली असती तर त्या एका ठिपक्यापायी माझ्या गाडीचे हेड उतरले असते.

हेड उतरवणे ही निरुपद्रवी ‘खात्री’ नसते, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्यासाठी क्रँक आणि कॅम यांना जोडणारी टायमिंग चेन सोडवावी लागते, हेड गॅस्केट नवे घ्यावे लागते, अनेक इंजिनांत हेडचे बोल्ट एकदा सोडले की पुन्हा वापरता येत नाहीत, आणि जोडणीत झालेली छोटीशी चूक पुढे ऑईलगळती किंवा कूलंटगळतीच्या रूपाने बाहेर येते. निरोगी इंजिन शंकेपोटी उघडण्यापूर्वी बाहेरून मिळणारा सगळा पुरावा गोळा करावा, या मालकांच्या मताशी मी पूर्णपणे सहमत आहे.

खालच्या बाजूची, म्हणजे बेअरिंगची, तपासणी ऑईलवरून केली. गरम ऑईल स्वच्छ पांढऱ्या घमेल्यात काढले आणि उन्हात धरून पाहिले. बेअरिंगचा थर सुटला असता तर ऑईलमध्ये तांबूस किंवा चंदेरी चमक तरंगताना दिसली असती. मग त्यांनी जुना फिल्टर कापला, आतला घड्यांचा कागद उलगडून चिंधीवर पसरवला, बोटांनी दाबून ऑईल निपटले आणि त्यावरून चुंबक फिरवले. कागदावर काळी चिकट काजळी होती, धातूचे कण नव्हते. फिल्टर कापून पाहण्याचे हे काम मागितल्याशिवाय सहसा कुणी करत नाही. ऑईल बदलताना जुना फिल्टर सरळ कचऱ्यात जातो. गिअर चुकल्यानंतर ऑईल बदलणार असाल तर फिल्टर कापून दाखवण्याचा आग्रह अवश्य धरा.

टायमिंग चेनच्या बाबतीत त्यांनी आवरण उघडले नाही. सकाळी थंड इंजिन सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत चेनचा खळखळाट होतो का, हे त्यांनी कव्हरवर लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवून, त्याची मूठ कानाला लावून ऐकले आणि स्कॅनरवर कॅमची वेळ पाहिली. त्याच वेळी त्यांनी मला व्हॉल्व्ह दाबणाऱ्या टॅपेटची बारीक, हलकी टकटक आणि रॉड बेअरिंगचा खोल, जड ठोका यांतील फरकही समजावून सांगितला. टकटक वरून, हेडच्या बाजूने येते आणि इंजिन तापल्यावर बहुधा मंदावते. ठोका खालून येतो, ॲक्सिलरेटर दिल्यावर वाढतो आणि तो ऐकू आला तर गाडी तेथेच बंद करून उचलून न्यावी लागते. आमची ती ‘नवी’ वाटणारी टकटक पहिल्या प्रकारची होती, आणि ती पूर्वीपासूनचीच होती.

या सगळ्यावर त्यांनी हाताने लिहून दिलेला अहवाल दोन पानांचा आहे. त्यातील शेवटचा परिच्छेद वाचून माझा त्यांच्यावरचा विश्वास पक्का झाला. त्यात त्यांनी लिहिले आहे की व्हॉल्व्ह, पिस्टन, हेड गॅस्केट आणि बेअरिंग यांना इजा झाल्याचा कोणताही पुरावा आढळला नाही. परंतु रॉडच्या बोल्टांवर आलेला क्षणिक ताण इंजिन न उघडता मोजता येत नाही, म्हणून त्याबाबत हमी देता येत नाही. हिशेबाने निघालेल्या फेऱ्या पाहता त्याची शक्यता कमी वाटते. एक हजार किलोमीटरनंतर ऑईल पुन्हा बदलून फिल्टर परत कापून पाहावा, आणि तोपर्यंत गाडी नेहमीसारखी चालवावी, जपून रांगत नेण्याची गरज नाही. ज्या गोष्टी मोजता आल्या त्यांवर ठाम राहणे आणि ज्या आल्या नाहीत त्या लेखी कबूल करणे, हे मला कोणत्याही चकचकीत छापील अहवालापेक्षा जास्त मोलाचे वाटते.

आता उणिवा. काम दिवसभराचे ठरले होते, ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लांबले, आणि मध्ये कुणी फोन करून कळवले नाही. बोअरस्कोपची छायाचित्रे मी दोनदा मागितल्यावर मोबाइलवर आली, आणि त्यांवर सिलेंडरचे क्रमांक टाकलेले नव्हते. पुढे कधी गाडी विकताना ही छायाचित्रे पुरावा म्हणून दाखवायची असतील तर क्रमांक हवेतच. दरपत्रक नाही, तोंडी अंदाज दिला जातो. अंदाज आणि बिल यांत फरक पडला नाही हे खरे, तरी लेखी अंदाज दिला तर नवख्या ग्राहकाला हुरूप येईल. बसायला जागा नाही आणि गल्लीत गाडी वळवणे कष्टाचे आहे. तपासणीचे तीन हजार आणि ऑईल, फिल्टर व वॉशर मिळून दोन हजार तीनशे, असे एकूण पाच हजार तीनशे रुपये झाले. एवढ्या तपशिलाच्या कामासाठी मला हा दर वाजवी वाटला.

पैशांच्या संदर्भात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अशा प्रसंगी वाहन विम्याची आशा धरण्यात अर्थ नसतो, कारण नेहमीच्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड, मोडतोड आणि झीज हे वगळलेले असतात. इंजिन संरक्षण म्हणून जी जादा जोड मिळते, तीही मुख्यतः पाणी शिरणे किंवा ऑईल गळणे यांतून झालेल्या नुकसानीसाठी असते. कंपनीची वॉरंटीही उत्पादनातील दोषासाठी असते, चालवण्यातील चुकीसाठी नव्हे. म्हणजे इंजिन खरोखर बिघडले तर सगळा खर्च मालकाच्याच खिशातून जाणार असतो, आणि म्हणून पाच हजारांची तपासणी वेळेत करून घेणे मला शहाणपणाचे वाटते. इजा झालेलीच असेल, तर वाकलेला एक व्हॉल्व्ह तुटून सिलेंडरमध्ये पडण्यापूर्वी सापडणे आणि नंतर सापडणे, यांतील खर्चाचा फरक संपूर्ण इंजिनाएवढा असू शकतो.

हे गॅरेज प्रत्येकासाठी नाही. ज्यांना संध्याकाळी गाडी धुऊन-पुसून परत हवी असते, त्यांची येथे चिडचिड होईल. ज्यांच्या गाडीत आधीच मिसिंग येते आहे, पिकअप गेला आहे किंवा इंजिनाचा दिवा लुकलुकतो आहे, त्यांनी तपासणीच्या या सगळ्या पायऱ्यांची वाट न पाहता गाडी बंद करून थेट इंजिनाचे मोठे काम करणाऱ्याकडे उचलून न्यावी. परंतु गाडी चालते आहे आणि तरी मन स्वस्थ नाही, अशा मालकाला मी निःशंकपणे याच पद्धतीची तपासणी सुचवेन, मग ती कुठल्याही गॅरेजमध्ये होवो. माझ्याकडून पाच पैकी साडेचार गुण. अर्धा गुण न आलेल्या फोनसाठी आणि क्रमांक नसलेल्या छायाचित्रांसाठी कापला आहे.

हजार किलोमीटरनंतर ऑईल पुन्हा बदलले. फिल्टर माझ्यासमोर कापला, कागद तसाच स्वच्छ निघाला, आणि त्या वेळी मालकांनी ऑईल व फिल्टर यांखेरीज एक रुपयाही घेतला नाही. अशी तपासणी करून घेणार असाल तर गाडी आदल्या रात्रीच गॅरेजमध्ये नेऊन ठेवा आणि सकाळी मेकॅनिक हजर असल्याशिवाय ती सुरू करू देऊ नका. चेनचा आणि टॅपेटचा आवाज रात्रभर थंड झालेल्या इंजिनाच्या पहिल्याच स्टार्टला सर्वांत स्पष्ट ऐकू येतो, आणि एकदा ती वेळ हुकली की त्या दिवसापुरती ती चाचणी गेली.